वजन ड्रमचं कमी करायचं

सॅम बर्न्स सतरा वर्षं जगला. 23 ऑक्टोबर 1996 रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरात त्याचा जन्म झाला आणि 10 जानेवारी 2014 रोजी तो गेला. त्याला प्रोजेरिया होता. आपल्याकडे एवढं सांगितलं की ऐकणारा हळहळतो, मान हलवतो आणि विषय बदलतो. या पुस्तकाच्या लेखिकेला वाचकाची हळहळ नको आहे. सॅम कोण होता, त्याला काय आवडायचं, त्याच्यामुळे काय घडलं, हे तिला मराठी मुलांना आणि त्यांच्या आईबाबांना सांगायचं आहे. म्हणूनच प्रस्तावना लिहायला मी लगेच हो म्हटलं.

आधी आजाराबद्दल थोडं. त्याचं पूर्ण नाव हचिन्सन-गिलफर्ड प्रोजेरिया सिंड्रोम. साधारण 40 लाख जन्मांमागे एका बाळाला तो होतो. जन्मतः बाळ इतर बाळांसारखंच दिसतं. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वजन वाढायचं थांबतं, केस गळू लागतात, कातडीखालची चरबी विरते, सांधे आखडतात. उंची फार वाढत नाही, डोक्यावरच्या शिरा दिसू लागतात. बुद्धी मात्र शाबूत असते. ही मुलं वयाप्रमाणे शिकतात, भांडतात, हट्ट करतात, प्रेमात पडतात. धोका असतो तो रक्तवाहिन्यांना. त्या कोवळ्या वयातच कडक होतात, आणि उपचार नसतील तर सरासरी साडेचौदाव्या वर्षी हृदयविकार किंवा पक्षाघात मुलाला घेऊन जातो. जोनाथन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरांनी 1886 मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं, हेस्टिंग्ज गिलफर्ड यांनी पुढे त्याला नाव दिलं. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं वैद्यकशास्त्राला वर्णनापलीकडे फारसं काही करता आलं नाही.

या मुलांना ‘म्हातारी मुलं’ म्हणायची सवय आपण सोडायला हवी. शास्त्रीयदृष्ट्याही ते बरोबर नाही. म्हातारपणातला मोतीबिंदू त्यांना होत नाही, विसराळूपणा येत नाही. चेहरा पाहून कुणी त्यांना आजोबा म्हणतं तेव्हा त्यांचं बालपणच नाकारलं जातं, आणि त्यांच्या वाट्याला तर बहुतेक बालपणच असतं.

मराठी वाचकाला प्रोजेरिया हा शब्द ठाऊक आहे तो मुख्यतः 2009 च्या ‘पा’ या चित्रपटामुळे. आर. बाल्की यांच्या त्या चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी बारा वर्षांचा ऑरो उभा केला आणि त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. ऑरो मिश्कील आहे, हजरजबाबी आहे, कुणाची दया घेत नाही. हे त्या चित्रपटाचं मोठं श्रेय आणि ते द्यायलाच हवं. पण कथेच्या शेवटी ऑरोचं मरण हे दुरावलेल्या आईवडिलांना जवळ आणण्याच्या कामी येतं. आजारी मूल मोठ्यांची आयुष्यं सांधण्यासाठी येतं आणि सांधून जातं, ही मांडणी आपल्याला फार सोयीची वाटते. सॅमची हकिकत त्या मांडणीत बसत नाही. त्याच्या आईवडिलांमध्ये सांधण्यासारखं काही तुटलेलं नव्हतं, आणि त्याचे स्वतःचे बेत होते.

सॅमच्या आधीच्या एका मुलाची आठवण इथे काढायला हवी. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नेटिक गावचे ज्यू धर्मगुरू हॅरोल्ड कुशनर यांच्या मुलाला, ॲरनला, प्रोजेरिया होता. तो तीन वर्षांचा असताना निदान झालं आणि 1977 मध्ये, चौदाव्या वर्षी, तो गेला. चांगल्या माणसांच्या वाट्याला वाईट का यावं, या प्रश्नाशी वडिलांनी केलेली झटापट 1981 मध्ये पुस्तकरूपात आली आणि जगभर वाचली गेली. त्या काळी ॲरनच्या वडिलांना हा प्रश्न देवाखेरीज कुणाला विचारण्याची सोयच नव्हती. डॉक्टरांकडे आजाराचं नाव होतं, कारण नव्हतं. सॅम वाढला ते फॉक्सबरो याच राज्यात, नेटिकपासून फारसं लांब नाही. दोन मुलांमध्ये अंतर पडलं ते काळाचं, आणि त्या काळात प्रश्न विचारण्याची जागा बदलली.

ती बदलली मुख्यतः एका आईमुळे. सॅमचे आईवडील, लेस्ली गॉर्डन आणि स्कॉट बर्न्स, दोघंही डॉक्टर. 1998 मध्ये, सॅम बावीस महिन्यांचा असताना निदान झालं. लेस्लींनी शोधाशोध केली तेव्हा त्यांना आढळलं की या आजारासाठी चाचणी नाही, औषध नाही, पैसा नाही आणि त्यावर काम करणारं जवळजवळ कुणीच नाही. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, त्यांनी प्रोजेरिया रिसर्च फाउंडेशन सुरू केली. बहीण ऑड्री गॉर्डन त्यांच्या बरोबर उभी राहिली. मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते एक अगदी रुक्ष काम: त्यांनी पेशींची बँक उभारली. जगभर विखुरलेल्या मुलांच्या कातडीचे, रक्ताचे नमुने एका जागी जमवले, म्हणजे ज्या शास्त्रज्ञाला काम करायचं आहे त्याला मुलं शोधत फिरावं लागू नये. दुर्मीळ आजारात खरी अडचण असते ती हीच. प्रत्येक डॉक्टरने आयुष्यात एखादंच मूल पाहिलेलं असतं, आणि एका मुलावरून काही सिद्ध होत नाही.

2003 च्या एप्रिलमध्ये जनुक सापडलं. फ्रान्सिस कॉलिन्स तेव्हा मानवी जनुकसंच वाचण्याच्या प्रकल्पाचं नेतृत्व करत होते आणि त्याच एप्रिलमध्ये तो प्रकल्प पुरा झाल्याचं जाहीर झालं. त्यांच्या गटाने, आणि स्वतंत्रपणे फ्रान्समधल्या एका गटाने, दोष दाखवून दिला: पहिल्या गुणसूत्रावरच्या एलएमएनए या जनुकात एका अक्षराचा बदल, सी च्या जागी टी.

हा बदल चकवा देणारा आहे. नुसतं वाचलं तर वाटतं, काहीच बिघडलेलं नाही, कारण अक्षर बदलूनही तयार होणारं अमिनो आम्ल तेच राहतं. पण त्या एका अक्षरामुळे पेशीला जनुकाचा संदेश भलत्याच जागी कापावासा वाटतो आणि प्रथिनातले 50 अमिनो आम्लांचे दुवे गळून पडतात. हे प्रथिन, लॅमिन ए, पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देतं. ते तयार होताना त्याला एक चिकट शेपूट जोडलेलं असतं. त्याच्या साहाय्याने ते केंद्रकाच्या आवरणाला धरून आपल्या जागी पोचतं, आणि मग ते शेपूट कापलं जातं. शिंपी आधी कच्चा टाका घालतो आणि पक्की शिलाई झाली की तो उसवून काढतो, तसं. गळालेल्या 50 दुव्यांमध्ये कापण्याची नेमकी जागाच गेलेली असते. कच्चा टाका निघत नाही, प्रथिन आवरणाला कायमचं चिकटून राहतं, केंद्रक सुरकुततं, वेडंवाकडं होतं. या बिघडलेल्या प्रथिनाला प्रोजेरिन म्हणतात. 2006 मध्ये आणखी एक गोष्ट कळली: थोड्या प्रमाणात प्रोजेरिन तुमच्या-माझ्या पेशींतही तयार होतं.

हा दोष बहुतेक वेळा आईवडिलांकडून आलेला नसतो. गर्भधारणेच्या सुमारास तो नव्याने घडतो. एका अक्षराची नक्कल चुकते, बस. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश लिहिते आहे, कारण आनुवंशिक आजारांच्या समुपदेशनात मला याच वाक्याची सर्वांत जास्त गरज पडते. आजार कुठलाही असो, कुटुंब खोलीत येतं, खुर्च्या कमी पडतात, आणि रिपोर्टचा कागद टेबलावर ठेवण्याआधीच प्रश्न येतो, ‘मॅडम, हे हिच्याकडचं की आमच्याकडचं?’ मी वंशावळीचे चौकोन आणि वर्तुळं काढत असते तेव्हा मुलाची आई कागदाकडे पाहतच नाही. ती मनातल्या मनात महिने मोजत असते. त्या ग्रहणाला मी बाहेर आले होते का, भाजी चिरली होती का, कुणाचं मन दुखावलं होतं का. सासूबाई उघड बोलतात, आई बोलत नाही. पण दोघींचा हिशोब एकच चाललेला असतो. पेशीत झालेल्या एका चुकीचा ठपका एका बाईच्या वागण्यावर ठेवण्याची ही रीत शिकलेल्या घरांतूनही गेलेली नाही. नव्याने झालेला बदल म्हणजे काय, हे समजावून सांगणारं सोपं मराठी पान हाताशी असतं तर किती बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं आहे. या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात ते आहे. मी त्याच्या झेरॉक्स काढून ठेवणार आहे, लेखिकेची परवानगी इथेच मागून ठेवते.

कारण कळलं तसा औषधाचा रस्ताही दिसला. ते शेपूट मुळात चिकटूच दिलं नाही तर? तसं करणारं एक औषध आधीच तयार होतं. लोनाफार्निब, कॅन्सरसाठी बनवलेलं. 2007 मध्ये बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात चाचणी सुरू झाली. 16 देशांतली 28 मुलं तिच्यात सामील झाली, सॅम त्यांतला एक. दोन वर्षं दर चार महिन्यांनी ही मुलं आईबाबांचा हात धरून बोस्टनला यायची. औषधाने मळमळायचं, पोट बिघडायचं, थकवा यायचा, तरी ती ते घेत राहिली. 2012 च्या सप्टेंबरमध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वजन, ऐकू येणं, हाडांची बळकटी, रक्तवाहिन्यांची लवचिकता, यांपैकी एकात तरी प्रत्येक मुलात सुधारणा दिसली. कुणी बरं झालं नव्हतं. पण या आजारावर काहीतरी परिणाम करता येतो हे पहिल्यांदाच सिद्ध झालं होतं, आणि ते सिद्ध करणाऱ्यांत शास्त्रज्ञांइतकाच या मुलांचा वाटा होता. त्यांना नुसते ‘रुग्ण’ म्हणून मोजणं मला अपुरं वाटतं.

आता ड्रमकडे येते.

फॉक्सबरो हायस्कूलच्या बँडमध्ये सॅम तालवाद्यं वाजवायचा. त्याला फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात मैदानावर बँडबरोबर चालत चालत स्नेअर ड्रम वाजवायचा होता. ज्यांनी गणपतीत ढोल कमरेला बांधून लक्ष्मी रोडवर पावलं टाकली आहेत त्यांना यातली मेख चटकन कळेल. ड्रम आणि तो अंगावर पेलणारा पट्ट्यांचा सांगाडा मिळून वजन 40 पौंड, म्हणजे जवळपास 18 किलो. सॅमचं स्वतःचं वजन 50 पौंड. तेवीस किलोला थोडं कमी.

आपल्याकडे अशा वेळी काय झालं असतं, याचा विचार मी प्रामाणिकपणे करून पाहिला. शिक्षकांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं असतं, ‘बाळा, तू स्टेजवर बसून झांजा वाजव.’ किंवा निशाण हातात देऊन त्याला सर्वांच्या पुढे उभं केलं असतं, टाळ्या कडकडल्या असत्या, फोटो निघाला असता. सगळं प्रेमानेच. पण त्या प्रेमात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की वस्तू आहे तशीच राहणार आणि छोटी करायची ती मुलाची इच्छा. सॅमच्या घरच्यांनी उलटं केलं. ते एका इंजिनिअरकडे गेले. त्याने सॅमच्या मापाचा सांगाडा तयार केला. ड्रमसकट वजन 6 पौंड, तीन किलोच्या आत. आणि सॅम मैदानावर चालला.

लेखिकेने या प्रसंगाला एक संपूर्ण प्रकरण दिलं आहे आणि ते तिने योग्यच केलं. दुर्मीळ आजाराच्या मुलाला लागते ती नेमकी अशीच माणसं: जी त्याच्या इच्छेवर शंका न घेता वजनकाटा काढतात. ड्रम किती किलोचा, जिना किती पायऱ्यांचा, बाकाची उंची किती इंच, दप्तर किती जड. वर्गशिक्षिकेने ठरवलं तर पुस्तकांचा एक संच शाळेत आणि एक घरी ठेवता येतो. तळमजल्यावरचा वर्ग त्या तुकडीला देता येतो. त्यासाठी बोस्टन लागत नाही.

सॅम स्वतः या बाबतीत अगदी स्पष्ट होता. 2013 च्या शरदात, नुकतीच सतरा पूर्ण झाली असताना, त्याने वॉशिंग्टनमध्ये टेडेक्सच्या व्यासपीठावर भाषण केलं. ते पुढे कोट्यवधी लोकांनी पाहिलं. लांब पळणं, मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसणं आपल्याला जमत नाही, हे तो सहज सांगून टाकतो आणि त्यावर रेंगाळत नाही. संगीत, स्काउट, कॉमिक्स, बोस्टनचे क्रीडासंघ यांच्याकडे वळतो. वाईट दिवस येतात हेही लपवत नाही. छातीच्या आजाराने रुग्णालयात पडून राहावं लागलं तेव्हा आपल्यालाही वाईट वाटलं, असं सांगतो. मोठेपणी जीवशास्त्रात संशोधन करायचा त्याचा बेत होता. आणि भाषणाच्या ओघात तो हेही सांगतो की उद्या रात्री शाळेत नाचाचा कार्यक्रम आहे आणि मी तिथे असणारच.

हे भाषण आपल्याकडे ‘मोटिव्हेशनल’ म्हणून फिरतं. ‘एवढा आजारी मुलगा इतका आनंदी, मग तुम्ही का कुरकुरता?’ असा मजकूर खाली जोडून. मला हे खटकतं. सॅमचं आयुष्य धडधाकट माणसांची मरगळ घालवायला घडलेलं नव्हतं. त्याच्यावर शॉन फाइन आणि आंद्रिया निक्स फाइन या दांपत्याने केलेला माहितीपट 2013 मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला एमी पुरस्कार मिळाला. त्यात सॅमनेच सांगून ठेवलं आहे की तो कॅमेऱ्यासमोर आला तो कुणी कीव करावी म्हणून नाही, ओळख व्हावी म्हणून. ओळख झाली की माणूस कधी चिडका दिसतो, कधी कंटाळलेला, कधी गृहपाठ टाळणारा. त्याला प्रेरणास्थान करून ठेवलं की हे सगळं पुसलं जातं. लेखिकेने ते पुसू दिलेलं नाही.

त्याच्या जाण्याबद्दल थोडंच लिहिते. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या फुटबॉल संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट माहितीपटामुळे त्याला भेटले, त्याचे मित्र झाले, संशोधनासाठी त्यांनी मोठी देणगी दिली. 11 जानेवारी 2014 च्या सामन्यात सॅम संघाचा मानद कप्तान होणार होता. आदल्या संध्याकाळी तो गेला.

काम थांबलं नाही. 2018 मध्ये लोनाफार्निब घेणाऱ्या मुलांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी असल्याचं प्रसिद्ध झालं. 20 नोव्हेंबर 2020 रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली. प्रोजेरियासाठी मान्य झालेलं हे पहिलं औषध. दीर्घकाळ पाहिलं तर त्याने आयुष्य सरासरी अडीच वर्षांनी वाढतं. बाहेरच्या माणसाला अडीच वर्षं म्हणजे काहीच नाही असं वाटेल. साडेचौदा वर्षांच्या आयुष्यात अडीच वर्षं म्हणजे दहावी-बारावीची सगळी वर्षं. 2021 च्या जानेवारीत डेव्हिड लिऊ, कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी हाच दोष असलेल्या उंदरांमध्ये ते एक चुकलेलं अक्षर थेट दुरुस्त करून दाखवलं. उंदरांचं आयुष्य 215 दिवसांवरून 510 दिवसांवर गेलं. उंदीर म्हणजे मूल नव्हे, आणि या वाटेवर अजून बरंच चालायचं आहे. पण 1998 मध्ये लेस्लींना चाचणीसुद्धा मिळाली नव्हती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

इटलीचा सॅमी बासो याच आजाराबरोबर 28 वर्षं जगला. तोही औषधाच्या चाचणीत होता. पुढे पादुआ विद्यापीठात शिकून त्याने आपल्याच आजारावरच्या जनुकीय उपचारांचा अभ्यास केला. जीवशास्त्रज्ञ व्हायचं सॅमचं राहून गेलं, सॅमी झाला. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तो गेला. लेखिकेने त्याच्यावर वेगळं पुस्तक लिहावं असा माझा आग्रह आहे.

आपल्याकडे 2021 मध्ये दुर्मीळ आजारांसाठी राष्ट्रीय धोरण आलं. त्याखाली देशातल्या निवडक रुग्णालयांना विशेष केंद्रांचा दर्जा मिळाला, मुंबईचं केईएम त्यांतलं एक. आणि धोरणात बसणाऱ्या आजारांसाठी पुढे एका रुग्णामागे 50 लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. जन्मभर औषध लागणाऱ्या आजारांत ही रक्कम लवकर संपते, आणि संपल्यावर काय, याचं उत्तर घरच्यांना मिळत नाही. ते मिळेपर्यंत मागत राहायला हवं. पण त्याही आधीची पायरी निदानाची. महाराष्ट्रातही या आजाराची मुलं झाली आहेत. तालुक्याच्या गावी वजन न वाढणारं, केस गळणारं बाळ आणलं जातं आणि ‘कुपोषण’ असं लिहून परत पाठवलं जातं, तेव्हा मधली मौल्यवान वर्षं जातात. अंगणवाडी सेविका, आशाताई, गावातले डॉक्टर यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. पाचव्या प्रकरणातली लक्षणांची चित्रं फोनमध्ये ठेवावीत. लक्षणं जुळली की बाळाला जनुकीय तपासणी होते अशा मोठ्या रुग्णालयात धाडावं.

लेखिकेशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. तिने शेवटी सॅमच्या विचारांची यादी दिली आहे, वर्गात भिंतीवर लावता येईल अशी. मला ती नको होती. तो बँडमधल्या मित्रांबरोबर काय काय करायचा, याची आणखी चार पानं मी आनंदाने वाचली असती. बाकी पुस्तक मला मनापासून आवडलं. भाषा साधी आहे, शास्त्र नीट तपासलेलं आहे आणि रडवण्याचा प्रयत्न एकाही पानावर नाही. सातवीतली मुलं ते एका बैठकीत वाचतील. ती मधेच प्रश्न विचारतील, त्यांची उत्तरं मोठ्यांनी दुसरं प्रकरण उघडून द्यावीत. पहिलं प्रकरण सुरू होतं तेव्हा सॅम बावीस महिन्यांचा आहे आणि त्याची आई रुग्णालयाच्या ग्रंथालयात जुनी नियतकालिकं चाळते आहे.